पार्बताबाईचा जोडडोंगा

पार्बताबाईला कोणी 'उद्या या' म्हटलं की ती तिथंच बसायची. रेशनच्या दुकानात, वनखात्याच्या कचेरीत, सुताराच्या अंगणात, कुठंही. पदर कमरेला खोचायची, भिंतीला पाठ टेकवून पाय लांब सोडायची आणि म्हणायची, "बरं. उद्या होयेपर्यंत मी हाव इथी." मग प्लॅस्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायची. त्या घोटण्याचा करकर आवाज समोरच्या माणसाच्या डोक्यात जायचा. पुष्कळांचा उद्या त्यामुळे आजच व्हायचा.

ती आमच्या घाटावरची नावाडीण होती. आमचं गाव नदीच्या अलीकडे, हायस्कूल पलीकडे. ही नदी पुढे वैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिच्यातून गुडघाभर पाण्यात चालत जाता येतं, पण जूनच्या शेवटापासून दिवाळी होईपर्यंत डोंग्याशिवाय इलाज नसायचा. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरून काढलेली लांबट नाव. आधी तिचे वडील तो चालवायचे. त्यांना मुलगा नव्हता. ते गेल्यावर गावानं विचार करायला बैठक बोलावली, तोवर पार्बताबाईनं बांबू हातात घेऊन दोन खेपा मारल्याही होत्या. बैठकीत मग चहा झाला आणि लोक घरी गेले.

तिचा नवरा सोमाभाऊ. गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मासे धरायचा, जाळी विणायचा आणि कमी बोलायचा. दोघांच्या वाट्याचं पार्बताबाई बोलायची.

मी आठवी ते दहावी तिच्या डोंग्यातून शाळेत गेलो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. माझ्या पदवीच्या कागदावर कुलगुरूंची सही आहे. ती खरी असेल, पण त्या कागदापर्यंत जाणाऱ्या वाटेतला पहिला टप्पा पार्बताबाईच्या बांबूनं ढकललेला आहे, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

डोंग्यात तिचे कायदे चालत. जाडजूड पोरांनी मधात बसायचं. दप्तर पाठीवर नाही, मांडीवर. धार लागली की तोंड बंद. "धारेले आयकू द्या," ती म्हणायची. "तुमच्या बाईनं काय शिकवलं ते काठावर सांगजा." एकदा पाणी चढत असताना फॉरेस्टचे एक साहेब फटफटी घेऊन आले. डोंग्यात चढवा म्हणाले. तिनं फटफटीची टाकी बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली.

"साहेब, हे पोहते काय?"

"म्हणजे?"

"डोंगा पलटला त तुम्ही पोहान, मी पोहीन, पोट्टे पोहतीन. हे पोहन काय?"

साहेब संतापले. बघून घेईन म्हणाले. ती म्हणाली, "बघा ना. काठावर बसून बघा." आणि आम्हाला घेऊन निघाली. साहेब खरंच काठावर बसून बघत राहिले.

मी दहावी पास होऊन कॉलेजला चंद्रपूरला गेलो त्या सुमारास डोंगा म्हातारा झाला. बुडाला कुज लागली. तिनं डांबर ओतलं, वर पिंपाचा पत्रा ठोकला, चिंध्या कोंबल्या. पण नवीन डोंगा कोरायचा तर अख्खं मोठं झाड लागतं, आणि एवढं झाड तोडायची परवानगी आता मिळत नव्हती. कचेरीत ती बसली, खर्रा घोटला, पण तिथला उद्या काही आज झाला नाही. आमच्या भागात तेव्हा काही जण पत्र्याच्या नावा करून घेऊ लागले होते. तिनंही तेच ठरवलं. पत्रा विकत आणला आणि तालुक्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडे टाकला. पावसाळा संपल्यावर ती चौकशीला गेली तर त्या पत्र्याचे कोणाच्या तरी संडासाचे दरवाजे झाले होते. "अर्जंट होतं बाई," तो म्हणाला.

त्या वर्षी डोंगा अर्ध्या पावसाळ्यात बंद पडला आणि पलीकडे जाणाऱ्या आमच्या गावच्या पाच-सहा मुलींची शाळा सुटली. मुलं ट्रकच्या ट्यूबवर बसून जायची, मुलींना घरचे कसे पाठवणार? त्यातल्या दोघींची दिवाळीनंतर लग्नं लागली. माझी बहीण तेव्हा आठवीत होती. ती घरीच बसली, धान निंदायला जाऊ लागली. आईनं मला कळवलं ते असं, की येत्या पावसाळ्यात डोंगा सुरू झाला तर पोरगी पुन्हा शाळेत जाईल, नाही तर पाहुणे तिला बघायला येऊन राहिले आहेत.

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी पार्बताबाई चंद्रपूरला माझ्या खोलीवर येऊन उभी राहिली तेव्हा ती कशाला आली हे विचारावं लागलं नाही. काखेत बोचकं, हातात गाठी मारलेली दोरी. पहिली गाठ ते शेवटची गाठ डोंग्याची लांबी, मधल्या दोन गाठींत रुंदी. तालुक्यावर आता तिचा भरवसा नव्हता. "मोठ्या गावचा मोठा कारखाना दाखव," ती म्हणाली.

मी तिला यूनुसभाईंकडे नेलं. त्यांचं वर्कशॉप आमच्या कॉलेजच्या वाटेवर होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, धान्याच्या कोठ्या बनवायचे. माणूस चांगला. दाढीत ठिणग्यांनी जळलेली भोकं होती. एकच दोष, त्यांना नाही म्हणता येत नसे. "हो जाएगा बाई," ते म्हणाले, आणि दोरी खिळ्याला टांगली. त्या खिळ्यावर आधीच बऱ्याच जणांच्या दोऱ्या, काड्या आणि सुतळ्या टांगलेल्या होत्या. ते मी पाहिलं. तिनंही पाहिलं.

गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्याचं मोठं काम त्यांच्याकडे आलं आणि खिळ्यावरच्या सगळ्या दोऱ्या तशाच राहिल्या. पार्बताबाई दोनदा गावाहून आली. दोन्ही वेळा यूनुसभाईंनी तिला चहा पाजला.

"बाई, तुमचं काम छोटं हाय. बीच में घुसवतो."

"छोटं? माह्या घाटावर पोट्टे थांबून राहतीन अन् तू छोटं म्हणतं?"

"कारखान्याची गाडी बाहर खडी रहती है ना बाई."

"माही नदी बाहर खडी रहती नाई. ते चालून येते."

तिसऱ्यांदा निरोप गेला की डोंगा तयार आहे. ती आली, मीही गेलो. वर्कशॉपच्या अंगणात हिरवा रंग दिलेली एक चकचकीत वस्तू ठेवलेली होती. यूनुसभाई गावाला गेले होते. त्यांच्या दोन कारागिरांनी दोरीच्या मापानं काम केलं होतं आणि माप अगदी बरोबर होतं. फक्त त्या दोघांनी आयुष्यभर ट्रॉल्या बनवल्या होत्या. पुढचं तोंड सपाट, चारी कोपरे काटकोनात, आणि मागच्या बाजूला बिजागरी लावलेला, खाली पडणारा फाळका.

"हे काय व्हय?" तिनं विचारलं.

"मागून उघडते बाई," कारागीर अभिमानानं म्हणाला. "माल उतरवाले सोपं."

तिनं कडी काढली, फाळका पाडला, परत लावला. "बेस केलं," ती म्हणाली. "नदी आत येईन, मंग तिले उतरवाले सोपं."

मला हसू आवरलं नाही. ती हसली नाही. फाळक्यावरच बसली आणि यूनुसभाई संध्याकाळच्या गाडीनं येईपर्यंत उठली नाही. त्यांनी आल्या आल्या ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पुन्हा करून देतो म्हणाले, पैसे नको म्हणाले, कसम खाल्ली.

"करून देऊ नको," पार्बताबाई म्हणाली. "मले शिकव."

"क्या?"

"जोडाले शिकव. मी करीन."

"बाई, हे बायकांचं काम नाई."

"डोंगा बाईमाणसाचा नाई म्हणत होते गावात. अन् पोट्टे कोण नेते पलीकडे? तुह्ये कारागीर?"

यूनुसभाई समजावत राहिले. डोळे जातात, हात भाजतात, लुगड्याला आग लागते. ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "भाऊ, तू चांगल्या नियतीचा माणूस हास. पण तुह्या नियतीवर माही नदी थांबत नाई. मले कोणाच्याच भरवशावर राहाचं नाई आता. तुह्याही नाई."

माझ्या घरमालकिणीनं तिला ओसरीत जागा दिली. दुसऱ्या दिवसापासून पार्बताबाई वर्कशॉपला जाऊ लागली. आधी पत्रा धरायला, मग घासायला. कॉलेज सुटलं की मी तिकडून यायचो. लुगड्यावर तिनं कोणाचा तरी जुना खाकी शर्ट चढवलेला असायचा आणि समोर काळी काच. रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून पाहायची. एकानं विचारलं, "काऊन वो बाई, घरी चूल नाई काय?" काच वर न करता ती म्हणाली, "हाय ना. तुह्यासाठी इथी पेटवली. ये, जरा जवळ ये."

पहिल्या आठवड्यात एका दिवशी ती काच न धरताच ठिणगी बघत राहिली. सकाळी डोळे सुजून बंद झाले. वाळू भरल्यासारखं होते म्हणाली. घरमालकीण बटाट्याच्या चकत्या ठेवत होती आणि वरून बोलतही होती की या वयात कशाला हे धंदे. पार्बताबाई चकत्यांखालून म्हणाली, "बटाटे कापा, पण माह्ये कान नका खाऊ."

पातळ पत्र्यावर वेल्डिंगची काडी जास्त रेंगाळली की भोक पडतं. तिनं इतकी भोकं पाडली की यूनुसभाई म्हणाले, बाई डोंगा नाही, चाळणी बनवून राहिली आहे. पण एकदा तिला ते काम जाळ्यासारखं दिसलं आणि मग सुधारलं. एका टोकापासून सरळ ओढत जायचं नाही. दूरदूर टाके घालायचे, पत्रा धरून ठेवायचा, मग मधलं थोडं थोडं भरायचं. सोमाभाऊ जाळ्याची दुरुस्ती करतो ती अशीच, असं तिनं मला सांगितलं. नवऱ्याचं एवढं कौतुक तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

डोंगा तयार झाला. जुन्या लाकडी डोंग्याची हुबेहूब नक्कल. निमुळता, गोल बुडाचा. यूनुसभाईंनी सांध्यांना बाहेरून चुना फासला आणि आतून रॉकेल ओढलं. कुठं बारीक भोक असेल तर पांढऱ्या चुन्यावर रॉकेलचा डाग उमटतो. दोन डाग उमटले. तिनं ते जागीच भरले. आमच्या भागातून धान घेऊन आलेल्या एका ट्रकवर डोंगा गावाकडे निघाला आणि वर, डोंग्यात, पार्बताबाई बसली. मीही सुट्टी पाहून सोबत गेलो.

घाटावर गाव जमलं होतं. कुंकू लावलं, नारळ फोडला. घाटाखालच्या डोहात डोंगा ढकलला. सोमाभाऊ आत चढला, उभा राहिला, बांबू घेतला आणि डोंग्यानं त्याला सरळ पाण्यात टाकलं. तो परत चढला. परत पडला. मग पार्बताबाई स्वतः चढली. तीही पडली. गाव हसून हसून लोळलं. मला वाटतं, तिच्यावर हसायची एवढी मोकळीक गावाला कधी मिळालीच नव्हती.

ओल्या लुगड्यानं ती काठावर बसली. लाकडाचा डोंगा जड, तो पाण्यात बसायचा. पत्र्याचा हलका, तो पाण्यावर नाचत होता. लाकडाबद्दल तिला जे काही माहीत होतं ते तिनं पत्र्यावर जसंच्या तसं उतरवलं होतं आणि तिथंच ती चुकली होती. यूनुसभाईंच्या कारागिरांनी ट्रॉली केली, हिनं झाड केलं.

"बाई, आता दगड भरा बुडात," कोणी तरी म्हणालं.

"पोट्टे कुठी भरू मंग?"

सोमाभाऊ केस पिळत होता. तो हळूच म्हणाला, "तुहा बाप पुराच्या टायमाले काय करे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचे वडील मोठा पूर असला की शेजारच्या गावचा डोंगा मागून आणायचे, दोन्ही डोंगे शेजारी ठेवून वर आडवे बांबू बांधायचे. त्याला जोडडोंगा म्हणत. एकाला पलटायचं तर दुसरा पलटू देत नाही.

"दुसरा करा लागते," ती म्हणाली.

पण शाळा उघडायला थोडेच आठवडे राहिले होते आणि यूनुसभाईंकडे सिमेंट कारखान्याची घाई शिगेला पोचली होती. एकही माणूस, एकही मशीन देता येणार नाही म्हणाले. खरंही होतं ते. आमच्या गावच्या विजेवर तसलं मशीन चालत नव्हतं, म्हणजे गावात काही करायची सोय नाही. पार्बताबाई परत चंद्रपूरला आली, पण या वेळी तिनं बसून दाखवलं नाही. तिनं विचारलं, "तुह्ये माणसं जेवतेत का नाई?"

"जेवतात ना."

"तवा मशीन काय करते?"

आणि मग ती कारागिरांच्या जेवणाच्या सुट्टीत जोडू लागली. ते डबे उघडायचे, ही काच ओढायची. शुक्रवारी दुपारी सगळे नमाजला जायचे तेव्हा यूनुसभाई किल्ली तिच्या हातात देऊन जायचे. परत यायला त्या दिवशी ते जरा उशीरच करत, हे माझ्या लक्षात आलं होतं. नाही म्हणता न येणाऱ्या त्या माणसानं एवढं एक हो अगदी नीट निभावलं. शेवटच्या शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं आणि ती शेवटचा सांधा भरत होती. मी म्हटलं, "बाई, जेवून घ्या." ती म्हणाली, "नदी जेवाले थांबली काय?"

शाळा उघडायच्या दिवशी पाणी आलेलं होतं. फार नाही, पण गढूळ आणि ओढीचं. घाटावर पोरं होती, त्यांच्या आया होत्या, आणि कोणीच पुढे होत नव्हतं. पाण्यावर जोडडोंगा हलत होता. दोन निळसर पत्र्याचे डोंगे, मधे बांबू, वर फळ्या. आधीच्या वेळी नवरा-बायको दोघं पडलेले सगळ्यांनी पाहिलं होतं.

"बाईनं जोडलेला हाय," माझी आईच म्हणाली. हळू म्हणाली, पण ऐकू गेलं. "तिनं काय कुठी शिक्षण घेतलं?"

पार्बताबाईनं वाद घातला नाही. गावच्या चार माणसांना हाक मारली, जोडडोंगा पाण्याबाहेर ओढून काठावर ओंडक्यांवर ठेवायला लावला. मग बादली घेतली आणि नदीचं पाणी डोंग्यात ओतू लागली. एक बादली, दुसरी, तिसरी. लोकांना काही कळेना. दोन्ही डोंगे अर्धे भरले तेव्हा ती म्हणाली, "या. बाया हो, खालून हात फिरवा. बुड पुसून काढा आधी पदरानं, मंग फिरवा. हाताले ओल लागली त पोट्टी घरी घेऊन जा. अन् नाई लागली त मंग मले सांगा, कोणाची पोट्टी कोणत्या कारणानं घरी बसते ते."

बाया वाकल्या. पदरानं पुसलं, हात फिरवला. माझी आई सगळ्यात शेवटी वाकली. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक सांध्यावरून हात नेला. धान पाखडल्यावर त्यात खडा शोधावा तसा. मग उभी राहिली, तळवा स्वतःच्या गालाला लावून पाहिला आणि माझ्या बहिणीला म्हणाली, "चढ."

पाणी उपसून डोंगा परत ढकलला गेला. पोरी चढल्या. पार्बताबाई म्हणाली, "दप्तर मांडीवर." मधल्या धारेत जोडडोंगा जरा तिरका झाला, काठावर कोणी तरी देवाचं नाव घेतलं, आणि तो सरळ पलीकडे लागला. त्या वर्षी आमच्या गावची एकही मुलगी घाटामुळे घरी बसली नाही. माझी बहीण आज नर्स आहे. पाहुणे आले होते ते तसेच परत गेले.

पुढे गावात चांगली वीज आली तेव्हा पार्बताबाईनं एक जुनं मशीन घेतलं. लोक नांगराचे फाळ, गेट, कोठ्या जोडायला आणू लागले. ती कोणाला 'टाकून जातो' म्हणू द्यायची नाही. ज्याचं काम त्यानं समोर बसायचं, पत्र्याचं दुसरं टोक धरायचं. "मी मेल्यावर कोणाकडे जाशीन? पाहून घे," म्हणायची. माणसं वैतागायची. त्यातले दोन-तीन शिकलेही.

काही वर्षांनी घाटाजवळ पूल झाला. कमी उंचीचा, पण पूल. एस.टी. येऊ लागली. तोवर मी पलीकडच्याच हायस्कुलात शिक्षक झालो होतो आणि रोज एस.टी.नं जायचो. घाटाकडे जायचं काम उरलं नाही. पार्बताबाई क्वचित दिसायची.

तिला शेवटचं नीट पाहिलं ते एका ऑगस्टमध्ये, भर दिवसा. नदी पुलावरून वाहत होती. कठडे तेवढे पाण्याबाहेर. एस.टी. अलीकडे उभी, माणसं खोळंबलेली, आणि पलीकडे शाळा सुटून बसलेली पोरं पाण्याकडे बघत होती. पार्बताबाईनं जोडडोंगा सोडला होता. पुलाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी पसरून संथ होतं तिथून ती ये-जा करत होती. केस पांढरे झाले होते, पण बांबू तसाच घट्ट. सकाळची गाडी चुकल्यानं अलीकडेच राहिलेला मी तिच्या खेपेत बसलो. तिनं मला ओळखलं आणि एवढंच म्हणाली, "मास्तर, मधात बस. जाड झालास."

पलीकडे उतरलो तेव्हा काठावर एक तरुण तलाठी छत्री घेऊन उभे होते. वरून आदेश आहे, पाणी उतरेपर्यंत कोणतीही नाव सोडायची नाही, असं ते सांगत होते. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

"आजी, तुमच्या डोंग्याला परवानगी आहे का?"

ती पोरांना एकेक करून चढवत होती. शेवटच्या मुलीचं दप्तर पाठीवरून काढून तिनं मांडीवर ठेवलं, मग तलाठ्यांकडे पाहिलं आणि बांबूनं पाण्याखालच्या पुलाकडे दाखवलं.

"त्याले होती ना परवानगी," ती म्हणाली.

आणि डोंगा ढकलला.